फारसे कोणी न खेळलेले, पण खेळायलाच हवेत असे आरपीजी सुचवा

बारानंतरचा

मंडळी, मदत हवीय. लेक साडेदहाला झोपते, ओटा-भांडी आवरून अकरा वाजतात, मग साडेबारापर्यंतचा वेळ आपला. या दीड तासात मला परत आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, खेळायला लागायचंय, कॉलेज संपल्यापासून सुटलंच होतं सगळं. विचर, स्कायरिम, बाल्डर्स गेट ही नावं कृपया सांगू नका, ती गल्लीतल्या पोरालाही माहितीयत. ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही पण तुम्ही जीव टाकता असे गेम सांगा.

अटी फार नाहीत. लॅपटॉप सहा वर्षं जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आठ जीबी रॅम. त्यामुळे जुनं असलं तरी चालेल, उलट जुनंच बरं. आणि आरपीजी म्हणजे माझ्या लेखी असं की माणूस कसा असावा ते मी ठरवणार आणि मी जे ठरवलं त्याची त्या जगाला दखल घ्यावी लागली पाहिजे. नुसती लेव्हल वाढली आणि तलवार निळी चमकायला लागली, तर तो आरपीजी नव्हे, ती दिवाळी.

जुनीसीडी

या धाग्याची वाट बघत होतो राव. आर्केनम. पूर्ण नाव आर्केनम : ऑफ स्टीमवर्क्स अँड मॅजिक ऑब्स्क्युरा, २००१ साल, ट्रॉयका गेम्स. पहिला फॉलआउट करणारे टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन इंटरप्लेमधून बाहेर पडले आणि या तिघांनी ही कंपनी काढली, तिचा हा पहिला गेम.

कल्पना अशी की एल्फ, बुटके, जादूगार वगैरे असलेल्या नेहमीच्या दुनियेत औद्योगिक क्रांती झालीय. वाफेची इंजिनं, कारखाने, पिस्तुलं, कामगार. आणि जादू नि यंत्र यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. हे नुसतं कथेत सांगून सोडलेलं नाही हां, खेळाच्या हाडात आहे ते. तुझ्या माणसाचा एक काटा असतो, जादू शिकलास की एका बाजूला झुकतो, यंत्रविद्या शिकलास की दुसऱ्या बाजूला. काटा जादूकडे फार गेला तर तुला आगगाडीचं तिकीट देत नाहीत, कारण तू बसलास तर इंजिन बंद पडेल! उलट मी पहिल्यांदा बंदूकवाला खेळलो तर सोबतचा व्हर्जिल नावाचा भला माणूस मला बरं करायचा मंत्र टाकतोय, टाकतोय, आणि माझ्यावर त्याचा धड परिणामच होत नाही. मला वाटलं गेममध्ये बग आहे. दोन दिवसांनी ट्यूब पेटली की मी इतका यंत्रवाला झालोय की जादू मला लागूच पडत नाही, मग गिंका रूट आणि कडुरा स्टेम गोळा करून मलम घोटत बसलो. हे असं कुठल्याही गेमनं मला त्याआधी केलं नव्हतं.

अक्कल कमी ठेवून माणूस बनवलास तर तो नीट बोलूच शकत नाही, संवादाचे पर्याय बोबडे येतात, इतकंच काय डायरीतल्या नोंदीही त्याच मठ्ठ भाषेत लिहिलेल्या. टॅरंट शहरात पेपर मिळतो, त्यात तुझ्या उद्योगांच्या बातम्या येतात. मेलेल्या माणसाचा आत्मा बोलवून त्याला विचारता येतं कुणी मारलं म्हणून. आणि पार्श्वसंगीत काय तर ढोल-ताशे नाहीत, चार तंतुवाद्यं. रात्री हेडफोन लावून ऐक.

आता वाईटही सांगतो, नाहीतर उद्या शिव्या घालशील. मारामारी भिकार. खरंच भिकार. चालू वेळेत खेळलास तर तीन सेकंदांत काय झालं कळत नाही, टर्न-बेसवर, म्हणजे पाळीपाळीनं वार करायच्या पद्धतीवर ठेव. तोल म्हणजे काही नाहीच, हार्म नावाचा पहिल्याच पायरीचा एक मंत्र घेतला की निम्मा गेम खिशात. आणि ब्लॅक माउंटन क्लॅनच्या खाणी... तिथे धातूचे पुतळे आहेत त्यांना तलवार मारली की तलवारच झिजते. चार जास्तीची हत्यारं घेऊन जा आणि मनाची तयारी ठेव. तिथे सोडून दिलेले निदान तीन जण मला माहितीयत.

वाचनमात्र

वर +१. खाणीत सोडलेल्या तिघांपैकी एक मी. :(

संत्रंबर्फी

ट्रॉयकाचंच नाव निघालं तर व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स कसं काय राहिलं भाऊ? २००४. लॉस एंजेलिसमधले व्हॅम्पायर. कोणत्या कुळातला व्हॅम्पायर घेता त्यानुसार अख्खा गेम बदलते. नोस्फेरातू घेतला तर तोंडच इतकं भयंकर की रस्त्यावर माणसांना दिसायचं नाही, गटारातून फिरा. माल्केव्हियन घेतला तर डोक्यानं सरकलेला, त्याचे सगळे संवाद वेगळे लिहिलेत, रस्त्यावरच्या थांब्याच्या पाटीशी भांडते तो! आणि ओशन हाऊस हॉटेलवाला भाग रात्री साडेबाराला खेळू नका, लेक उठेल तुमच्या ओरडण्यानं.

वाचनमात्र

ब्लडलाइन्स आता दुर्लक्षित कसला? प्रत्येक यादीत असतो. तो चांगला नाही असं म्हणत नाहीये मी, पण 'कोणाला माहीत नसलेला भारी गेम' म्हणून गेली वीस वर्षं सगळे तेच एक नाव सांगतात.

संत्रंबर्फी

दुर्लक्षित होता म्हणूनच तर कंपनी बुडली न! हाफ-लाइफ २ ज्या दिवशी आला त्याच दिवशी दुकानात आला, १६ नोव्हेंबर २००४. दोन्हींचं इंजिन (गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर) पण एकच, सोर्स, आणि ते हाफ-लाइफवाल्यांचंच. म्हणजे इंजिनाच्या मालकाच्याच लग्नाच्या दिवशी तुम्ही त्याच हॉलमध्ये मुंज ठेवली. पुढच्या वर्षी ट्रॉयका बंद. आणि शेवटशेवटचे भाग तर अर्धवटच वाटतात, नुसती मारामारी. वेस्प५ नावानं लिहिणारा एक चाहता तेव्हापासून आजपर्यंत त्याचे पॅच (चुका दुरुस्त करणाऱ्या फायली) काढतोय, नोकरी असल्यासारखा.

जुनीसीडी

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, बारानंतरचा, लक्षात ठेव. या धाग्यात जे जे गेम येतील त्यातले निम्मे तरी निघाले तेव्हा मोडके होते. म्हणून समीक्षकांनी नाकं मुरडली, म्हणून विकले गेले नाहीत. लोक म्हणतात मार्केटिंग नव्हतं, नशीब वाईट. असेलही, पण पहिल्या आठवड्यात ज्यानं विकत घेतला त्याचा गेम चौथ्या तासाला क्रॅश होत होता हेही खरंय. आज आपण खेळतो तो गेम आणि तेव्हा लोकांनी खेळला तो गेम वेगळा आहे, मधली पंधरा-वीस वर्षं कुणीतरी फुकटात त्याची डागडुजी केलीय.

राईनकाठची

मी एरवी फक्त वाचते इथे, पण आता राहवत नाहीये. गॉथिक. मी जर्मनीत आहे नऊ वर्षं. इथे ऑफिसात चाळिशीतल्या कुठल्याही माणसासमोर गॉथिक म्हणा, त्याचा चेहरा असा होतो जणू आजोळचं नाव घेतलंय. पोलंडमध्ये तर त्याहून जास्त वेड. आणि भारतात मी आजवर गॉथिक खेळलेला एक माणूस बघितला, तोही माझा चुलतभाऊ, मीच दिलेला.

पिरान्हा बाइट्स नावाची छोटी कंपनी, पहिला भाग २००१ चा. राजाचं ऑर्क्सशी युद्ध चाललंय, हत्यारांसाठी जादूचं खनिज हवंय, म्हणून खाणीत कैदी टाकतात. ते पळू नयेत म्हणून बारा जादूगार एक घुमट उभा करतात, पण तो फुगतच जातो आणि ते बारा जण स्वतःच आत अडकतात. कैदी पहारेकऱ्यांना मारून खाण ताब्यात घेतात. आता राजाला खनिज हवं तर त्यानं सामान पाठवायचं, म्हणजे आत कैद्यांचं राज्य आणि बाहेरचा राजा त्यांचं गिऱ्हाईक. तुम्हाला तिथे ढकलून देतात. तुम्हाला नावसुद्धा नाही. खाली पडल्यावर पहिली गोष्ट काय होते तर एक जण येऊन तोंडावर ठोसा मारतो.

आणि तुम्ही खरंच कोणीही नसता हो. पहिले पाच-सहा तास साधी कोंबडीएवढी... बरं कोंबडीपेक्षा मोठी, स्कॅव्हेंजर नावाची पक्षी-जात आहे, ती तुम्हाला मारते. तलवार दोन्ही हातांनी अशी धरतो जसं पहिल्यांदा बॅट हातात घेतलेलं मूल. मग शिकवणाऱ्याकडे जाऊन शिकलात की पकड बदलते, डोळ्यांना दिसते बदललेली! आकडा वाढल्याचं मला कधी कौतुक नाही वाटलं, पण तो पकड बदललेला हात बघून मी नवऱ्याला उठवून दाखवलं होतं.

माणसं सकाळी उठतात, कामाला जातात, संध्याकाळी शेकोटीभोवती बसतात. कोणाच्या झोपडीत शिरलात तर आधी दम देतात, नाही निघालात तर बदडतात. पण मारून टाकत नाहीत, खाली पाडून तुमचं खनिज (आत पैसा म्हणून तेच चालतं) काढून घेतात आणि निघून जातात. ब्लडविन नावाचा पहारेकरी हप्ता मागायला येतो. मड म्हणून एक जण आहे तो विनाकारण मागे मागे फिरून बडबडत राहतो, प्रत्येक वाड्यात असा एक असतोच.

नकाशावर बाण नाहीत. नकाशाच नाही, विकत घ्यावा लागतो. "पूल ओलांड, डावीकडची वाट धर" असं कुणी सांगितलं की ते लक्षात ठेवायचं. दीड तास खेळणाऱ्याला हे उलट सोपं जातं असं माझं मत, कारण जग लहान आहे आणि चार दिवसांत पाठ होतं, आपल्या गावासारखं.

वाचनमात्र

कंट्रोल्सबद्दल एक अक्षर बोलला नाहीत ताई. :)

राईनकाठची

मुद्दामच. बरं, सांगते. पहिल्या भागात साधी वस्तू उचलायची तर एक बटण दाबून धरायचं आणि वर पुढचा बाण. पहिला तास असं वाटतं की हातमोजे घालून पोळ्या लाटतोय. मग सवय होते. ज्यांना अगदीच नको त्यांनी दुसऱ्या भागापासून (२००२) सुरू करा, तिथे बरंच सुधारलंय.

दुसऱ्या भागाची सुरुवात तर मला फारच आवडते. खोरिनिस शहरात शिरायचंय, पहारेकरी भणंग माणसाला आत सोडत नाहीत. मग काय करायचं? लोबार्टच्या शेतावर राबा, सलगम उपटा, त्याच्याकडून शेतकऱ्याचे कपडे मिळवा आणि शेतकरी म्हणून आत जा. किंवा रस्त्यात एक व्यापारी भेटतो तो परवाना देतो, पण पुढे त्याची किंमत वसूल करतो. किंवा औषधी वनस्पती गोळा करून वैद्याकडे चाललोय म्हणून सांगा. जगाला वाचवायला निघालेला नायक आणि पहिलं काम सलगम उपटणं.

ती कंपनी २०२४ मध्ये बंद झाली. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी दुसरा विषय नव्हता.

लोहारगल्ली

सगळं युरोप-अमेरिकाच चाललंय इथं, जपानचं कायतरी बोला की. आमच्यात कॉम्प्युटरवर एम्युलेटर (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून प्लेस्टेशनचे गेम खेळायची साथ आली हुती, त्यात सुइकोडेन २ गावला. १९९८ चा. जल-तीर म्हणून जुनी चिनी कादंबरी हाय, १०८ बंडखोरांची, तिच्यावरनं बेतलेली कल्पना. तुमाला १०८ माणसं गोळा करायची असत्यात. सगळी लढणारी न्हाईत हां, कोण आचारी, कोण न्हाणीघर चालवणारा, कोण लिफ्ट बसवणारा. आणि एक पडका किल्ला घिऊन तिथं ही सगळी येऊन ऱ्हात्यात, जसजशी माणसं येतील तसा किल्ला गजबजत जातो. आचारी आला की सैपाकाच्या स्पर्धा सुरू. मला तर राज्य कोण जिंकतंय ह्यापेक्षा किल्ल्यावर आज कोण नवीन आलं ह्येच बघायची घाई. त्यात दोन जिवलग दोस्त दोन बाजूला जात्यात, ते न्हाई सांगत, खेळा.

पैल्या भागाचं सेव्ह दुसऱ्यात नेलं की पैल्याचा नायकसुद्धा भेटतोय. मार्च २०२५ ला दोन्ही भाग नवीन करून काढल्यात, आता एम्युलेटरच्या भानगडीत पडायची गरज न्हाई. बनवणारा मुरायामा फेब्रुवारी २०२४ ला गेला बिचारा, त्याचा शेवटचा गेम यायच्या दोन महिने आधी.

संत्रंबर्फी

जपानी असंल तर ट्रेल्स इन द स्काय पण. जपानात २००४ चा, धागाकर्त्याच्या लॅपटॉपवर लोळत चालंल. दुनिया वाचवायची काही घाई नाही, दोघं बहीणभाऊ (मानलेले) गावोगाव फिरून लोकांची कामं करतात. कथेत काही घडलं की गावातला प्रत्येक माणूस नवीन काहीतरी बोलते, पाववाल्याची पोरगी कोणावर रुसली तेही कळते. इंग्रजीतल्या आवृत्तीत रिकामी झालेली पेटी परत उघडली तर पेटी टोमणा मारते. फक्त पहिल्या भागाचा शेवट अशा जागी केलाय की दुसरा भाग आधीच घेऊन ठेवा, नाहीतर झोप नाही लागत.

चौथीसीट

पुण्याचा राजी कोणीच कसा नाही सांगितला? आपल्या नॉडिंग हेड्सचा, २०२०. भिंतींवरची चित्रं, वाडे, दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात. अभिमान वगैरे काही आहे की नाही.

जुनीसीडी

अभिमान आहे, दिसतोही देखणा, पण तो आरपीजी नाही हो. मारामारी आणि उड्या. तुम्ही काय ठरवता यानं त्यात काही बदलत नाही. हलके घ्या.

भारतीयच हवा असेल तर अनरेस्ट बघा. २०१४, पायरोडॅक्टिल नावाची भारतातलीच छोटी कंपनी, लोकवर्गणीतून केलेला. प्राचीन भारतासारखं कल्पित शहर, भीमरा. दुष्काळ पडलाय, धान्य नाही, आणि नागलोकांशी तह चाललाय. एकच नायक नाही, प्रत्येक प्रकरणात वेगळा माणूस खेळायचा. त्यात एक खेड्यातली मुलगी आहे, तिचं घरच्यांनी लग्न ठरवलंय, तिला ते हवंय की नको हे तुम्ही ठरवायचं आणि मग आई-बापाशी बोलायचं. राक्षस नाही, तलवार नाही, ओसरीवर बसून बापाशी बोलायचं. मला तर आर्केनमच्या खाणींपेक्षा ते अवघड गेलं. समोरचा तुमच्याबद्दल काय समजतो ते तीन मापांत दिसतं : मैत्री, आदर, भीती.

दोष? छोटा आहे, तीन-चार तासांत संपतो, आणि चित्रं हलतात त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या बाहुल्या बऱ्या. गाजला नाही. पण 'आपल्या मातीतला गेम' म्हणजे देवांच्या मूर्ती आणि त्रिशूळच असायला हवेत असं नाही, हे मला तो खेळताना पहिल्यांदा जाणवलं.

चौथीसीट

बरं, हा माहीत नव्हता. घेतो सेलमध्ये. राजीबद्दल मतभेद कायम.

वाचनमात्र

टंकायचा कंटाळा आलाय पण तीन नावं टाकून पळतो.

अंडररेल, २०१५, सर्बियातली कंपनी. जमिनीखालच्या मेट्रोच्या बोगद्यांत उरलेली माणसं. यात 'ऑडिटी' नावाची पद्धत निवडता येते, म्हणजे मारून अनुभव मिळत नाही, कोपऱ्याकापऱ्यातल्या विचित्र वस्तू शोधून मिळतो. त्यामुळे लपतछपत खेळणाऱ्याला तोटा नाही. शेवटचा डीप कॅव्हर्न्स भाग मात्र क्रूर आहे.

द एज ऑफ डिकेडन्स, तेही २०१५. रोमसारखं साम्राज्य कोसळल्यानंतर. व्यापारी घेतलात तर एकही लढाई न करता गेम संपवता येतो, नुसतं बोलून, फसवून. आणि मराल, फार मराल. भांडण दिसलं की नायकानं त्यात उडी घ्यायचीच ही आपली सवय हा गेम पहिल्या अर्ध्या तासात मोडतो.

ॲनाक्रोनॉक्स, २००१. यात एका टप्प्यावर एक अख्खा ग्रह, होय ग्रह, लोकसंख्येसकट, आकसून तुमच्या टोळीत सामील होतो. आत लोकशाही आहे. जास्त सांगत नाही. गेम आला आणि महिन्याभरातच बनवणारं ऑफिस बंद, कथा अर्धीच राहिली ती राहिलीच.

संत्रंबर्फी

ग्रह टोळीत येते?? घेतला.

राईनकाठची

मग अल्फा प्रोटोकॉल पण लिहून ठेवा, ऑब्सिडियन, २०१०. गुप्तहेर. संवादात उत्तर द्यायला घड्याळ चालू असतं, विचार करत बसलात तर गेलं. कोणाशी कसे वागलात ते सगळे लक्षात ठेवतात, दोघांनी खेळला तर दोघांना वेगळी कथा. गोळीबार मात्र असा की नेम डोक्यावर धरलाय, समोरचा चार फुटांवर, आणि गोळी छताला. गाण्यांचे हक्क संपले म्हणून २०१९ मध्ये विक्रीतूनच काढला होता, २०२४ मध्ये परत आला. अवांतर : हे असं गायब होणं मला फार लागतं. पुस्तक छापणं थांबलं तरी रद्दीत सापडतं, यांचं काय?

जुनीसीडी

सेगा सॅटर्न या जुन्या कन्सोलवरच्या पँझर ड्रॅगून सागाचंच उदाहरण घ्या, १९९८ चा. मूळ कोडच हरवलाय म्हणतात, त्यामुळे पुन्हा काढणं अवघड. ज्यांच्याकडे जुन्या चकत्या आहेत ते सोन्याच्या भावात विकतात. जाता जाता, माझ्याकडे आर्केनमची जी सीडी होती ती फुटपाथवरची, मधे ओरखडा, टॅरंटमध्ये शिरलं की गेम बंद. तीन वर्षं मी त्या शहराच्या वेशीवर होतो. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून खरी प्रत घेतली.

बारानंतरचा

अरे बाप रे, दोन दिवस आलो नाही तर केवढी चर्चा. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. आर्केनम आणि गॉथिक दोन्ही घेतले, दोन्ही मिळून एका मिसळीच्या भावात पडले. ते पॅचचं काय करायचं ते मात्र कोणीतरी बाळबोध भाषेत सांगा, फोल्डरबिल्डर मला नीट कळत नाही.

जुनीसीडी

आर्केनम : आधी गेम टाक, पण सुरू करू नकोस. मग ड्रॉग ब्लॅक टूथ नावाच्या माणसाचा अनधिकृत पॅच टाक, त्यातच मोठ्या स्क्रीनची सोय आहे. मगच नवा खेळ सुरू कर. खेळ मधे असताना पॅच बदलायचा नाही, ही चूक मी केलीय. आणि पहिला माणूस शुद्ध जादूवाला किंवा शुद्ध यंत्रवाला कर, मधला नको. मधल्याला दोन्हीकडून मार.

राईनकाठची

गॉथिक स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) घेतला असेल तर तिथल्या वर्कशॉप विभागात 'युनियन' नावाचा पॅच शोधा, एक बटण दाबलं की झालं. बाकी ग्राफिक्स सुधारणारे चाळीस मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) दिसतील, त्यांच्या नादी लागू नका, निदान पहिल्या फेरीत.

बारानंतरचा

गॉथिक सुरू केला. आजचा अहवाल देतो. ठोसा खाल्ला. दिएगो भेटला, भला माणूस. मग पुलापलीकडे त्या तुमच्या कोंबडीनं तीनदा मारलं. कसाबसा जुन्या छावणीत पोचलो, ब्लडविनला दहा खनिज देऊन टाकले, म्हटलं उगाच वाद कशाला, नवीन आहोत. मड मागे लागलाय तो लागलाच आहे.

मग एका झोपडीचं दार उघडं होतं म्हणून आत डोकावलो. नुसतं डोकावलो हो! पेटीला हातही लावला नव्हता. त्यानं दम दिला, मला वाटलं बोलतोय काहीतरी, मी संवाद पुढे ढकलायचं बटण दाबायला गेलो आणि हातातली तलवारच बाहेर आली. पुढचं सांगत नाही. शुद्धीवर आलो तर खनिज गेलं, तलवार पण गेली, आणि तो शांतपणे बाहेर शेकोटीवर मांस भाजत बसलाय.

तलवार परत कशी मिळवायची? सेव्ह दीड तासापूर्वीचं आहे.

राईनकाठची

त्याच्याकडेच असेल, तो विकत नाही. चार-पाच दिवस कामं करा, थोडी ताकद वाढवा, मग एका संध्याकाळी जा त्याच्याकडे.

आणि हो, आत जायच्या आधी सेव्ह करा.

लोहारगल्ली

तोवर कोंबडीच्या वाटंला जाऊ नगा.